चाचा कोणास म्हणावे?

१७२१ च्या डिसेंबरात अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर जी स्वारी झाली, तिचा पुढाकार कोणा राजाचा नव्हता. तो मुंबईत वखार थाटून बसलेल्या एका व्यापारी कंपनीचा होता. पोर्तुगीज फौज व इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे साह्यास असूनही ती स्वारी फसली. कंपनीच्या दप्तरात मात्र ‘चाचा’ ठरले ते कान्होजी आंग्रे! कान्होजी हे छत्रपती शाहूंचे सरखेल. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या गलबतांनी दस्तक घ्यावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. पोर्तुगीज तर ‘कार्ताझ’ या नावाने हेच दोन शतके करीत आले होते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतही खासगी स्वाऱ्यांचे पेव फुटले. या साहसवीरांना ‘फिलिबस्टर’ म्हणत. त्यांतील विल्यम वॉकर १८५५ मध्ये सुमारे साठ माणसांनिशी निकाराग्वात उतरला, पुढच्याच वर्षी तेथील अध्यक्ष बनला आणि त्याने रद्द झालेली गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली. परंतु व्हँडरबिल्ट या धनाढ्याच्या वाहतूक कंपनीचा परवाना रद्द करून त्याने बलाढ्य भांडवलाचे वैर ओढवून घेतले. १८६० मध्ये ब्रिटिश आरमारानेच त्याला पकडून होंडुरासच्या स्वाधीन केले; तेथे तो गोळीबार पथकाच्या गोळ्यांना बळी पडला.

वॉकर आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्या कृत्यांत जातीचा फरक नाही; फरक आहे तो सनदेचा. १६६१ च्या राजसनदेने कंपनीला ख्रिस्तीतर राज्यांशी युद्ध व तह करण्याचा अधिकार दिला. वॉकरपाशी असा कागद नव्हता. म्हणून तो गुन्हेगार ठरला आणि कंपनी ‘सरकार’ झाली. जो कुलाबा तोफांनी हाती आला नाही, तो १८४० मध्ये आंग्र्यांना वारस नाही या सबबीवर तिने खालसा केला.

या व्यवहाराचा जमाखर्च तर अधिकच बोलका आहे. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला, पण भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या महसुलावर बसविण्यात आला. म्हणजे ज्यांचा मुलूख जिंकला, त्यांनीच जिंकणाऱ्यांच्या भांडवलावर व्याज भरावयाचे!

इतिहासात एखाद्यास ‘चाचा’ म्हटलेले आढळले, तर वाचकाने दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हा शब्द कोणाच्या दप्तरातून आला, आणि त्या दप्तराचा खर्च कोणाच्या खिशातून भागत होता?