वानरांचा जमाखर्च



भोंगवलीहून भोरला आणि तेथून पुढे वरंधा घाटात जाताना रस्त्याच्या कडेला माकडे दिसतात. कधी झाडांवर काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरेही दिसतात. उर्दूतील ‘बंदर’ म्हणजे माकड आणि ‘लंगूर’ म्हणजे वानर, हे लक्षात ठेवा.

दुपारी वानरांची टोळी फांद्यांवर स्वस्थ बसलेली पाहून लोक त्यांना आळशी म्हणतात. मला हे पटत नाही. वानराचे मुख्य अन्न म्हणजे झाडाचा पाला. पाल्यातून शक्ती थोडी मिळते आणि तो पचायलाही जड. वानराच्या पोटात कप्पे असतात. त्यांतील सूक्ष्म जीव पाला आंबवतात, तेव्हा कुठे तो पचतो. त्याला वेळ लागतो. म्हणजे बसून राहणे हा आळस नव्हे, ती काटकसर आहे. माकडाची रीत वेगळी. ते फळे, दाणे, किडे गालांतील पिशव्यांत भरते आणि सुरक्षित जागी जाऊन सावकाश खाते.

माणूस, वानर, माकड हे सारे एकाच गणातले. २०१४ साली शास्त्रज्ञांनी या गणातील १७ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेवढ्याच वजनाच्या इतर सस्तन प्राण्यांपेक्षा हे प्राणी रोज जवळजवळ निम्मीच शक्ती खर्च करतात, असे त्यांना आढळले. त्यांची वाढ सावकाश होते आणि आयुष्य मोठे असते, याचा संबंध शास्त्रज्ञ या काटकसरीशी जोडतात.

हा जमाखर्च आपण बिघडवतो. घाटात गाडी थांबवून आपण माकडांना बिस्किटे, फरसाण देतो. तुम्ही विचाराल, “सर, भुकेल्याला खाऊ घालणे हे सवाबाचे काम नाही का?” दया चांगलीच, पण तिची रीत चुकते. आयते मिळू लागले की माकड रानात अन्न शोधत नाही. ते रस्त्यावर बसते, गाडीखाली सापडते, हातातील पिशवी हिसकावते. माणसाची भीती गेली की ते शेतातही शिरते. मग नुकसान शेतकऱ्याचे होते आणि दगड माकडाला बसतात.

खरी दया करायची असेल तर उंबर, जांभूळ, वड यांची झाडे लावा आणि असलेली जपा. झाड माकडाला फळ देते, वानराला पाला देते. माकड त्या फळांच्या बिया रानात दूरवर पसरवते. दोघांचाही हिशेब जुळतो. म्हणून पुढच्या वेळी घाटात गाडी थांबली, तर खाऊची पुडी बंदच ठेवा.