कोरफडीला हवी थोडी उपेक्षा

नर्सरीतून हौसेने आणलेली कोरफड दोन-तीन महिन्यांत मान टाकते, पाने बुडाशी लिबलिबीत होतात, आणि मग 'आमच्या हाताला झाडच लागत नाही' अशी तक्रार ऐकू येते. दोष हाताचा नसतो, हातातल्या तांब्याचा असतो. कोरफड तहानेने क्वचितच मरते. बहुतेक घरांत ती मरते लाडाने.

कोरफड मूळची अरबस्तानातल्या रखरखीत डोंगराळ भागातली. जाड पानांत ती पाणी साठवून ठेवते. बहुतेक झाडे पानांवरची सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडतात; कोरफड ती मुख्यतः रात्री उघडते, त्यामुळे उन्हात तिचे पाणी फारसे उडून जात नाही. अशा काटकसरी झाडाला तुळशीबरोबर रोज पाणी घातले, तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने मलूल दिसतात. आपल्याला वाटते झाड तहानले आहे, आणि आपण आणखी पाणी घालतो. अति तिथे माती म्हणतात ते असे!

कुंडी आणि माती : मातीची, पसरट कुंडी उत्तम. तळाला भोक हवेच. बागेतली माती, जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळा. तळाशी विटांचे तुकडे घाला, पण भोक बुजू देऊ नका.

पाणी : बोट दोन इंच मातीत खुपसून पाहा. ओल लागली तर पाणी नको. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी आणि थंडीत पंधरा-वीस दिवसांनी पाणी पुरते. मुंबई-कोकणच्या पावसात कुंडी वळचणीखाली सरकवा. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका.

ऊन : सकाळचे तीन-चार तास ऊन मिळाले की झाड खूश. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी पाने तांबूस पडतात, तेव्हा आडोसा द्या. दिल्लीकडे कडाक्याच्या थंडीत रात्री कुंडी आत घ्या. अंधाऱ्या खोलीत मात्र पाने लांबट आणि लुळी होतात.

कुजू लागली तर : झाड उपटून माती झटका. काळी, मऊ मुळे स्वच्छ सुरीने कापा. झाड तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या आणि कोरड्या मातीत लावून आठवडाभर पाणी देऊ नका. मुळे थोडी जरी शाबूत असली, तरी पुष्कळदा झाड वाचते.

नवी रोपे : बुडाशी फुटलेली पिल्ले चार-पाच इंचांची झाली की मुळांसकट अलग करा आणि दोन दिवस सुकवून लावा. नुसते पान खोचून रोप होईल ही आशा धरू नका. ते बहुधा कुजते.

गर काढताना : बाहेरचे, खालचे, जाड पान कापा. एका वेळी एक-दोनच. कापलेली बाजू खाली करून पान पंधरा मिनिटे उभे ठेवा. पिवळा, कडू चीक निथळून जाईल. हाच चीक आटवून काळाबोळ बनतो. तो तीव्र रेचक आहे आणि कातडीलाही खाज आणू शकतो. म्हणून पान धुऊन, सोलून, फक्त पारदर्शक गर घ्या. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून एक दिवस थांबा. किरकोळ भाजले असेल तर आधी नळाचे वाहते पाणी, मग गर; मोठा फोड आला किंवा जखम खोल असेल तर डॉक्टरच गाठा.

राजस्थानात कोरफडीची भाजी करतात, पण तिथेही चीक काढून पाने उकळून घेण्याची रीत आहे. ऐकीव माहितीवर रोज कच्चा रस पिऊ नका. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी तो टाळावाच. घरात कुत्रे-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. पाने चघळल्यास त्यांना उलट्या-जुलाब होतात.

मुलांवर कुंड्यांना पाणी घालण्याचे काम सोपवले असेल, तर कोरफडीसाठी एक नियम सांगून ठेवा : आधी बोट, मग तांब्या.