उतरत्या थंडीतला मासा: डोह, ऊन आणि जाळे

परभणी जिल्ह्यातील नदीवरच्या मासेमारीत संक्रांत ते महाशिवरात्र हा काळ सर्वांत ओढीचा असतो. दिवाळीपर्यंत भरून येणारी जाळी जानेवारीत हलकी होतात, गळाला तासन्‌तास काही लागत नाही आणि ‘मासा संपला’ असे बोलले जाऊ लागते. प्रत्यक्षात मासा संपलेला नसतो. त्याची हालचाल मंदावलेली असते, खाणे कमी झालेले असते आणि पावसाळ्यात नदीभर पसरलेले कळप थोड्या जागांत गोळा झालेले असतात. या जागा ओळखता आल्या तर कमी जाळ्यांत आणि कमी वेळेत पुरेसा मासा मिळतो. ओळखता आल्या नाहीत तर रात्रभर पसरलेली जाळी पहाटे रिकामी निघतात. तेव्हा थंडीतली मासेमारी हा आधी जागेचा अभ्यास आहे, साधनांचा विचार त्यानंतर येतो.

जिल्ह्यातील पाणी तीन प्रकारचे आहे. गोदावरीचे पात्र पाथरी, सोनपेठ, गंगाखेड आणि पालम या तालुक्यांतून साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. ढालेगाव, मुदगल, डिग्रस अशा बंधाऱ्यांमुळे पावसाळ्यानंतर या पात्रात लांबच लांब संथ पाणी साठते. पूर्णा नदी जिंतूर तालुक्यात येलदरी धरणात अडते, खाली सिद्धेश्वर जलाशयातून पुढे येते आणि कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळते. दुधना सेलू तालुक्यातून वाहत पूर्णेत उतरते आणि तिच्यावर निम्न दुधना प्रकल्पाचा जलाशय आहे. म्हणजे एकाच जिल्ह्यात बंधाऱ्यामागचे संथ पाणी, खोल जलाशय आणि धार मंदावलेली मोकळी नदी अशा तिन्ही परी आहेत. थंडीचा परिणाम या तिन्हींवर सारखा होत नाही.

मासा शीतरक्ताचा प्राणी आहे. पाण्याचे तापमान उतरले की त्याच्या शरीराचे तापमानही तेवढेच उतरते. साधारणपणे तापमान दहा अंशांनी घटले तर शरीरातील क्रियांचा वेग निम्म्यावर येतो. रोहू, कटला आणि मृगळ यांची भूक २५ ते ३० अंश सेल्सिअसला उत्तम असते, २० अंशांच्या खाली ती झपाट्याने घटते. खाल्लेले पचायला अधिक वेळ लागतो, म्हणून दोन खाण्यांमधले अंतर वाढते. याचा प्राणवायूशी संबंध जोडला जातो, पण थंड पाण्यात प्राणवायू उलट जास्त विरघळतो: ३० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ७.६ मिलिग्रॅम, तर १५ अंशांच्या पाण्यात सुमारे १०.१ मिलिग्रॅम. त्यामुळे हिवाळ्यातला सुस्त मासा गुदमरलेला नसतो, तो आपली शक्ती राखून असतो. वाहत्या धारेत अंग सावरायला शक्ती लागते, म्हणून तो धार सोडून संथ पाण्यात उतरतो.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही हिवाळ्यांत किमान तापमान पाच अंशांखालीही नोंदले गेले आहे. तो आकडा हवेचा असतो. पाणी हळू निवते आणि हळूच तापते. हवा पाच-सहा अंशांवर आली तरी येलदरीसारख्या मोठ्या साठ्याचे पाणी तेवढे खाली जात नाही. उथळ पाण्याचे मात्र तसे नाही. गुडघाभर पाणी रात्रीत चांगलेच गार होते आणि दुपारच्या उन्हात तितक्याच लवकर कोमट होते. रात्री निवलेले वरचे पाणी जड होऊन खाली जाते, त्यामुळे ऐन थंडीत जलाशयात वरपासून खालपर्यंत तापमानात फारसा फरक राहत नाही. फेब्रुवारीत ऊन वाढते आणि आधी वरचा थर व काठचे उथळ पाणी तापू लागते. उतरत्या थंडीत मासा पकडायचा तो या फरकाच्या आधारावर.

रात्री आणि पहाटे मासा डोहात असतो. सूर्य वर आल्यावर त्यातला काही भाग उन्हाच्या काठाकडे सरकतो आणि सूर्य कलला की परत फिरतो. परभणीत डिसेंबरअखेर मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर, दक्षिणेकडे असतो. फेब्रुवारीच्या मध्यावर तो ५७ अंशांच्या पुढे चढतो. सूर्य दक्षिणेला असल्यामुळे दक्षिण काठच्या उंच दरडीची आणि झाडांची सावली पाण्यावर पडते, तर उत्तर काठाला दिवसभर ऊन मिळते. गोदावरी पश्चिम-पूर्व वाहते, म्हणून तिच्यावर हा फरक स्पष्ट दिसतो. वारा पडलेला असेल तर दुपारी उत्तर काठ धरावा. उत्तरेचा वारा सुटला तर तो वरचे कोमट पाणी दक्षिण काठाकडे लोटतो, तेव्हा वारा जिकडे वाहतो तिकडचा काठ पाहावा. काळ्या गाळाचा तळ वाळूपेक्षा लवकर तापतो, म्हणून गाळपेरीच्या जमिनीला लागून असलेले उथळ पाणी दुपारी अधिक उपयोगाचे ठरते. त्यातही खोल पाणी जवळ असलेली जागा निवडावी, कारण मासा लांबचा पल्ला टाळतो. डोह आणि उथळ यांच्यामधला उतार हीच त्याची वाट असते.

आडोशाचे महत्त्व थंडीत वाढते. जलाशयात बुडालेल्या बाभळीची खोडे, पुलाचे खांब, बंधाऱ्याच्या भिंतीचा आडोसा आणि दरडीखालची कपार या जागांत धार लागत नाही आणि बारीक जीव टिकून राहतात. उत्तर अमेरिकेतील नद्यांत क्रॅपी नावाचा, तळहाताएवढा ते वीतभर मासा थंडीत असाच धारेबाहेरच्या खोल, संथ पाण्यात आणि बुडालेल्या लाकडांभोवती कळपाने थांबतो. तिथले गळकरी आधी पाण्यातले लाकूड शोधतात आणि मग मासा. जाती वेगळ्या, थंडीचे प्रमाण वेगळे, पण शक्ती वाचवण्याचे गणित एकच आहे.

प्रत्येक जातीचे वागणे स्वतंत्र आहे. कटला एरवी वरच्या थरात चरतो. थंडीत तो वरचे पाणी सोडून मधल्या थरात उतरतो आणि निवांत, उन्हाच्या दुपारीच पुन्हा वर दिसतो. रोहू मधल्या थरातून खाली सरकतो, मृगळ तळ सोडत नाही. सायप्रिनसला थंडी इतरांपेक्षा बरीच सोसते, म्हणून जानेवारीच्या मिळकतीत त्याचा वाटा मोठा दिसतो. चिलापीला थंडी सर्वांत जड जाते: १६-१७ अंशांच्या आसपास तिचे खाणे थांबते आणि तापमान आणखी बरेच उतरून १०-१२ अंशांवर आले तर ती मरते. मरळ हवेतून श्वास घेतो, पण गार पाण्यात त्याची गरज घटते आणि तो वर येण्याच्या खेपा कमी करतो. त्यामुळे पाण्यावरचा बुडबुडा पाहून मरळ हेरणाऱ्याला या दिवसांत फार वेळ थांबावे लागते. शिंगाळा तळाशी आणि रात्री हिंडतो. वांब दगडांच्या फटीत शिरून राहते.

जाळ्याचा विचार येथून सुरू होतो. तंगूसाचे फासजाळे स्वतः मासा शोधत नाही, मासा चालत येऊन त्यात अडकावा लागतो. मासा कमी हिंडला की तेवढ्याच माशांत मिळकत घटते. घटलेली मिळकत म्हणजे घटलेला साठा, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो. दुसरी अडचण पाण्याच्या नितळपणाची. पावसाळ्यातला गढूळपणा जानेवारीपर्यंत खाली बसतो आणि जाड दोऱ्याचे जाळे दिवसा माशाला दिसते. यावर उपाय तीन. जाळे बारीक तंगूसाचे असावे. ते सूर्यास्ताच्या आधी लावून उजाडताच काढावे. आणि ते नदीला आडवे, उथळापासून डोहापर्यंत उतारावरून सोडावे, म्हणजे माशाच्या जाण्यायेण्याची वाट अडते. दिवसा लहान जाळ्याने कपार किंवा बुडालेली बाभूळ वेढून काठीने पाणी झोडपण्याची भोई समाजाची जुनी रीत थंडीत विशेष उपयोगी आहे, कारण सुस्त माशाला हलवल्याशिवाय तो जाळ्यापर्यंत येत नाही.

पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे ओढताना ते वाचताही येते. बोटे गारठलेली असतात, धुके पाण्यावर असते आणि जाळे हातभर हातभर वर येत असते. मासा बोयांच्या दोरीजवळ अडकला आहे की शिशाच्या दोरीजवळ, हे त्याच क्षणी दिसते. सगळे मासे खालच्या फासांत असतील आणि शिशाला ओला काळा गाळ चिकटला असेल, तर कळप तळाला टेकलेला आहे आणि पुढच्या रात्री जाळे आणखी खोल न्यायला हवे. मासे मधल्या फासांत आणि जाळ्याच्या काठाकडील टोकाला असतील, तर उथळाकडची फेरी सुरू झाली आहे. माशाचे तोंड कोणत्या बाजूला आहे यावरून तो डोहाकडे परतताना अडकला की काठाकडे जाताना, हेही समजते. मासा काढून टोपलीत टाकल्यावर ही माहिती नाहीशी होते. दोरीला बांधलेला साधा तापमापक, दर दोन हातांवर गाठ मारलेली खोली मोजायची दोरी आणि एक वही एवढ्या सामानात ती जपता येते. दोन हिवाळ्यांच्या नोंदीनंतर प्रत्येक डोहाचा स्वभाव कागदावर उतरतो.

गळाने मासेमारी करणाऱ्यांसाठी वेळ महत्त्वाची आहे. सकाळचा गारठा टाळून दुपारी बारा ते चार हा काळ धरावा. भूक कमी असल्यामुळे आमिष लहान हवे: कणकेची गोळी हरभऱ्याएवढी, गांडुळाचा तुकडा छोटा, गळ बारीक आणि दोरा पातळ. थंडीत मासा आमिष ओढून पळत नाही. तो ते तोंडात धरून जागीच राहतो, तरंगणी जरा तिरकी होते किंवा किंचित वर उचलली जाते. जड तरंगणीवर एवढी हालचाल उमटत नाही, म्हणून ती हलकी असावी. आमिष एका जागी दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. चारा मात्र मूठभरच टाकावा. जादा टाकलेला चारा मासा खात नाही आणि तो तळाशी कुजतो.

रब्बीची आवर्तने सुटली की हे सारे गणित बदलते. जलाशयाची किंवा बंधाऱ्यामागची पातळी उतरू लागते तेव्हा मासा उथळ पाण्यातून लगेच मागे सरतो आणि काठावरचे जाळे कोरडे पडण्याची वेळ येते. खालच्या पात्रात पाणी सुटते तेव्हा थांबलेली धार पुन्हा सुरू होते आणि मासा बंधाऱ्याच्या किंवा खडकाच्या आडोशाला जमतो. पाणी सोडण्याचे वेळापत्रक पाटबंधारे शाखेकडून आधी समजून घेणे मिळकतीसाठी उपयोगाचे आहे आणि जिवासाठी आवश्यक आहे. गारठ्यात पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय लवकर आखडतात. थर्माकोलच्या तराफ्यावर जीवरक्षक जॅकेट असलेच पाहिजे.

याच काळात व्रणांचा रोग उद्भवतो. पाण्याचे तापमान १८ ते २२ अंशांच्या आसपास असताना अफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव माशाच्या कातडीत शिरतो आणि अंगावर लाल डाग, नंतर खोल जखमा होतात. भारतात हा रोग १९८८ मध्ये ईशान्येकडील राज्यांतून पसरला. मरळ त्याला विशेष बळी पडतो. जखमी मासा परत पाण्यात सोडू नये, दुसऱ्या तलावात नेऊ नये आणि बाजारात आणू नये. तो पाण्यापासून दूर चुना टाकून पुरावा. त्या पाण्यातून काढलेली जाळी दुसरीकडे नेण्याआधी कडक उन्हात पूर्ण वाळवावीत. छोट्या तळ्यात रोग दिसल्यास मत्स्यव्यवसाय खात्याच्या सल्ल्याने चुन्याची मात्रा द्यावी.

मासा एका जागी गोळा होतो, ही गोष्ट पकडणाऱ्याच्या सोयीची आणि साठ्याच्या दृष्टीने धोक्याची आहे. संपूर्ण डोह वेढून बारीक आसेच्या जाळ्याने उपसला तर कित्येक मैलांच्या पात्रातला मासा एका आठवड्यात संपू शकतो. रोहू, कटला आणि मृगळ पावसाळ्यात प्रजनन करतात. महाशिवरात्रीनंतर, थंडी ‘शिव शिव’ करत गेल्यावर, नदीचे पात्र आटत जाते आणि उन्हाळाभर जिवंत राहतो तो डोहातलाच मासा. आषाढातली अंडी त्याच्याकडून येतात. सायप्रिनसचा विणीचा एक हंगाम तर जानेवारी ते मार्च असाच आहे. तो काठच्या पाणवनस्पतींना चिकट अंडी घालतो, म्हणून फेब्रुवारीत त्या झुडपांतून जाळे ओढणे म्हणजे पिढीच खरवडून काढणे. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासूनच गुन्हा आहे, आणि साचलेल्या थंड डोहात त्यांचे नुकसान सर्वाधिक होते.

म्हणून प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेने आपल्या पाण्यातला किमान एक खोल डोह थंडीपासून पावसाळ्यापर्यंत राखीव ठेवावा. त्याच्या सीमा खांब रोवून दाखवाव्यात आणि ठराव सभेच्या नोंदवहीत लिहावा. बाकीच्या डोहांत मोठ्या आसेची जाळी आळीपाळीने लावावीत आणि एका डोहाला सलग दोन रात्रींहून अधिक त्रास देऊ नये. वीतभराखालचा मासा जिवंत असताना, ओल्या हाताने सोडून द्यावा. मत्स्यबोटुकली विकत आणून पाण्यात सोडण्यावर संस्था दरवर्षी पैसा खर्च करतात. राखलेल्या डोहातले बीज मात्र त्याच नदीत वाढलेले, तिच्या थंडीला आणि उन्हाळ्याला सरावलेले असते आणि त्यासाठी वेगळा खर्च पडत नाही.