सरकारवरचा अविश्वास आणि गावची वही

झाडीपट्टीत कोणत्याही गावी जा, एक वाक्य हमखास कानी पडते: ‘सरकारच्या भरवशावर राहील तो बुडेल.’ कोणी धानाच्या बांधीत चिखल तुडवीत हे बोलतो, कोणी बांबूच्या कामट्या काढीत बोलतो, तर कोणी रेशनच्या दुकानी यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून ताटकळत असता बोलतो. शहरातील शहाणे लोक यास खेडवळांचे अज्ञान म्हणतात. आम्ही तसे म्हणत नाही. ज्याने दहादा ठेच खाल्ली तो अकराव्यांदा खाली पाहून चालतो, यात अज्ञान कसले? तो अनुभव होय. पण या अनुभवाचे पुढे करावयाचे काय, याचा विचार आमच्या कष्टकरी बांधवांनी अजून पुरता केलेला नाही. तो करावा म्हणून हा लेख लिहीत आहो.

प्रथम अविश्वासाची कारणे पाहू. इंग्रजी अमदानीत 1878 च्या जंगल कायद्याने रान सरकारजमा झाले आणि 1927 च्या कायद्याने गवताच्या जातीच्या बांबूस झाडांत बसविले. ज्या बांबूच्या सुपावर, टोपलीवर आणि तट्ट्यावर बुरुडाची चूल पेटे, तोच बांबू परवानगीवाचून तोडल्यास बुरूड चोर ठरू लागला. स्वराज्य आले, तरी हा न्याय फारसा पालटला नाही. बल्लारपूरच्या कागद कारखान्यास सरकारी कराराने बांबू सवलतीच्या भावात मिळत राहिला आणि बुरुडाने दहा बांबूंसाठी नाक्यावर हात जोडावे, अशी रीत पडली. हे केवळ आमचेच म्हणणे आहे असे कोणी समजू नये. 2006 साली वनहक्क कायदा झाला, त्याच्या प्रस्तावनेत वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे सरकारने स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्याने अन्याय केला त्यानेच तो कबूल केल्यावर, ज्याच्यावर झाला त्याने अविश्वास धरू नये, असे कोणत्या तोंडाने सांगावे?

तलावांची गोष्ट तीच. चांदा आणि भंडारा या जुन्या जिल्ह्यांत कोहळी मंडळींनी व इतर गावकऱ्यांनी घाम गाळून हजारो तलाव बांधले. पाळ कोणी दुरुस्त करावी, पाट कोणी उपसावा, पाणी कोणाच्या बांधीस आधी जावे, हे गाव ठरवी. मालगुजारी नष्ट करणारा कायदा 1950 साली झाला, आणि मालगुजाराबरोबर हे तलावही सरकारच्या ताब्यात गेले. मालगुजार गेला हे फार उत्तम झाले. त्याच्यासाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण तलावावरून गावाचा हात उठला आणि सरकारचा हात काही तेथे पोचला नाही. गाळ साचला, पाळी फुटल्या, तलावात बेशरमीची झुडपे माजली, आणि धानकऱ्यापाशी आभाळाकडे पाहण्याशिवाय दुसरा उपाय राहिला नाही. ढिवर बांधवांची मासळीही त्याच गाळात गेली.

अलीकडची उदाहरणे तर पोराटोरांसही आठवतात. 8 नोव्हेंबर 2016 रोजी रात्री पाचशेच्या आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. तो आमच्या धानाच्या कापणी-मळणीचा हंगाम. मजुरास द्यावयास रोकड नाही, व्यापारी म्हणे जुन्या नोटा घे नाहीतर धान परत ने, आणि बँक कित्येक गावांपासून कोसांवर. काळा पैसा बुडेल असे सांगितले होते. पुढे रिझर्व्ह बँकेच्याच 2018 च्या अहवालाने दाखविले की रद्द नोटांपैकी 99.3 टक्के परत आल्या. बुडाला तो आमचा हंगाम. मग मार्च 2020 मध्ये चार तासांच्या सूचनेवर सारा देश बंद झाला. मिरची तोडावयास तेलंगणात गेलेले आमचे मजूर तिकडेच अडकले आणि कित्येक डोक्यावर बोचकी घेऊन रानावनातून पायी परतले. इकडे झाडाखाली मोहफुलांचा सडा पडत होता, पण बाजार बंद होता.

धान खरेदीचेही तसेच. 2025-26 च्या हंगामास साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलास 2369 रुपये ठरला. कागदावर भाव चांगला दिसतो. परंतु केंद्र उशिरा उघडते, बारदाना नसतो, गोदाम भरलेले असते, आणि ज्यास दिवाळीपूर्वी कृषी केंद्राची उधारी फेडावयाची आहे, तो लहान शेतकरी व्यापाऱ्याच्या दारी भाव पाडून माल टाकतो. मग आधारभूत भावाचा आधार कोणास मिळाला? ज्याच्या घरी थांबावयास दाणे आणि पैसे होते, त्यास! ज्याच्यासाठी योजना निघाली, तो योजनेच्या दारी पोचण्यापूर्वीच विकला गेला.

येथपर्यंत आमचे वाचक माना डोलावतील. आता जे लिहितो ते काहींस कडू लागेल.

आमचा प्रश्न असा, की इतक्या वर्षांच्या अविश्वासाने आमच्या घरात काय आणले? पानठेल्यावर बसून सरकारास शिव्या दिल्याने कोणाचे कर्ज फिटले? उलट असे दिसते की, गाव नुसता अविश्वास धरून घरी बसले म्हणजे दलालाचे फावते. ग्रामसभेत काही होत नाही म्हणून दोनशे माणसे येत नाहीत. मग वीस माणसांच्या सह्यांवर ठराव होतो आणि कंत्राट ठरते. कचेरीत कोणी ऐकत नाही म्हणून अर्ज करीत नाही. मग आमच्या वतीने दुसराच अर्ज करतो आणि अनुदान त्याच्या खात्यात जाते. बँक त्रास देते म्हणून सावकाराकडे जातो. मग सावकार कागदावर अंगठा घेतो आणि त्या कागदात काय आहे ते आम्हांस जमीन गेल्यावर कळते. बंदूकवाल्यांनीही याच अविश्वासावर आपली भाकरी भाजली, आणि मेला तो दोन्हीकडून आदिवासीच. तात्पर्य, तोंडी अविश्वासाने सरकार सुधारत नाही, फक्त आम्ही एकटे पडतो.

जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. अक्षरशत्रू कुणब्यास कचेरीतील लेखणीवाला कसा नागवतो, हे त्यात त्यांनी उघडे करून दाखविले. आज कुलकर्ण्याचे दप्तर गेले, परंतु दप्तराची विद्या ज्याच्या हाती तो राजा, हा न्याय तसाच आहे. कालचा लेखणीवाला एका जातीचा होता. आजचा कोणत्याही जातीचा असतो, कधी आमच्याच भावकीतलाही असतो. म्हणून जात पाहून भरवसा ठेवू नये आणि जात पाहून सोडूनही देऊ नये. हिशेब पाहावा.

लेखी पुरावा नसला म्हणजे गुणी माणसाचीही कशी उपेक्षा होते, याचे उदाहरण आमच्याच भागातले आहे. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे हे दलित समाजातील अल्पभूधारक शेतकरी. 1983 च्या सुमारास त्यांनी आपल्या बांधीतील वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षे त्या निवडून पेरल्या आणि ‘एचएमटी’ हे बारीक, रुचकर धान सिद्ध केले. आज ते नाव साऱ्या देशाच्या बाजारात आहे. परंतु वाणाची नोंद वेळीच त्यांच्या नावे झालेली नव्हती. कृषी विद्यापीठाने बियाणे नेले आणि 1998 मध्ये आपले नाव जोडून तो वाण प्रसृत केला. आपले श्रेय गेले, हे दादाजींचे दुःख अखेरपर्यंत होते. पारितोषिके मिळाली, सत्कार झाले, पण 3 जून 2018 रोजी ते गेले तेव्हा घरची ओढगस्त गेलेली नव्हती. व्यापाऱ्यांनी त्यांच्या वाणावर किती कमाविले, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता दुसरी बाजू. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव. तेथील लोकांचाही सरकारवर आंधळा विश्वास नव्हता. पण ते नुसते रुसून बसले नाहीत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा त्यांनी केली. घोषणा करणारे देशात पुष्कळ असतात. मेंढ्याने तिच्यामागे काम उभे केले. अभ्यासगट बसविले, कायदा वाचला, आणि ठराव बहुमताने न करता सर्वसहमतीने करण्याची रीत घातली. 2009 साली त्यांस सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी वनखाते बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. जंगल तुमचे, पण त्यातला बांबू बाहेर न्यावयाचा नाही! शेतकऱ्यास ‘विहीर तुझी, पाणी आमचे’ म्हणण्यासारखेच हे झाले. मेंढ्याने कायद्याचे कलम पुढे केले आणि तेच धरून ठेवले. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांस त्या गावी यावे लागले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी कोणाच्या पाया पडावयास गेले नव्हते, कोणाचे डोके फोडावयासही गेले नव्हते.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावास 2012 साली सुमारे 1000 हेक्टरांवर हक्क मिळाला. त्यांनी बांबूवर गावात रोजगार उभा केला आणि तेंदूपत्ता न तोडण्याचे ठरविले. कारण त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि तेंदूची फळे पोरांच्या व पाखरांच्या तोंडून जातात. हातचा पैसा सोडावयाचा निर्णय गरीब गावाने घेतला, तो कोणी साहेबाने सांगितला म्हणून घेतला नाही. गडचिरोली जिल्ह्यात आज तेराशेंहून अधिक गावांपाशी असे वनहक्क आहेत. कागद हाती आला; आता तो चालविणारे हात पाहिजेत.

कारण कागद आला म्हणजे चोर गेला असे होत नाही. 2013 पासून काही ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकू लागल्या आणि मजुरीवर वाढीव रक्कमही घरोघर गेली. तसेच ठेकेदाराने पहिला हप्ता भरून उरलेली रक्कम थकविली, अशा तक्रारीही ग्रामसभांनी वारंवार केल्या आहेत. म्हणून आम्ही म्हणतो, सरकारावर जो अविश्वास धरता तोच ठेकेदारावर धरा, आपल्या ग्रामसभेच्या अध्यक्षावर धरा आणि संपादकावरही धरा! पण तो वहीत उतरवा.

ही वही फार मोठी विद्या नव्हे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पाने झाली. ही पाने वैशाखाच्या उन्हात बहुधा आमच्या बाया खुडतात आणि हिशेब मात्र पुरुष करतात. हे आधी बदलावे. कोणत्या घराने किती पुडे दिले, शेकड्यामागे वरकड पुडे कोणी घेतले काय, करारात भाव किती, हप्ते किती आणि आले किती, हे गावच्या शिकलेल्या मुलीने लिहावे आणि महिन्यास एकदा चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावे. त्याच वहीत तलावाच्या मासळीचा ठेका, धान केंद्रावर तोललेले वजन, चुकारा मिळाल्याची तारीख आणि रोजगार हमीच्या अर्जाची पोच असावी. सरकारी कागद पाहिजे असल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने तो मागता येतो. तोंडी मागणे वाऱ्यावर जाते. लेखी मागण्यास उत्तर द्यावे लागते.

तसेच घरची वही. वर्ष वाईट आहे हे सर्वांस ठाऊक, तरी लग्नात आणि तेरवीत आम्ही चार लोकांस लाजून कर्ज काढतो. सत्यशोधक समाजाने 1873 सालीच भटजीवाचून, थोड्या खर्चात लग्न लावून दाखविले. त्यास दीडशे वर्षे होऊन गेली. भटजी टळला तरी मंडप, बँड आणि पंगती आमच्या मानगुटीवर बसल्याच आहेत. मेलेल्याच्या तेरवीसाठी जित्या पोराची बांधी गहाण टाकणे यात कोणता धर्म आहे? कर्ज घेणे भागच असेल, तर सावकाराचा परवाना पाहावा, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये, आणि पावतीवाचून पैसा भरू नये. 2014 च्या सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि सावकारीत गैरमार्गाने गेलेली जमीन परत मिळविण्याचा अर्ज सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे करता येतो. हे ज्यास ठाऊक आहे त्याने शेजाऱ्यास सांगावे.

सरकारासही दोन शब्द. लोकांचा विश्वास जाहिरातीने येत नाही आणि मंडपातील भाषणाने तर मुळीच येत नाही. धान खरेदी केंद्रे कापणीपूर्वी उघडावी, चुकारा वेळेत करावा, बुरुडास बांबू वेळेवर व बेताच्या भावात द्यावा, तलावांचा गाळ काढून ते पुन्हा गावाच्या हवाली करावे, आणि ग्रामसभेची रक्कम थकविणाऱ्या ठेकेदाराकडून ती वसूल करून द्यावी. इतके झाले तर झाडीपट्टी सरकारास नावे ठेवणे आपोआप कमी करील.

तोवर बांधवहो, आणि भगिनींनो, अविश्वास टाकून द्या असे आम्ही सांगणार नाही. येत्या ग्रामसभेस घरातील सर्व प्रौढ माणसांनी, बायांसह, जावे. मागच्या हंगामाचा हिशेब मागावा. तो मिळाला तर वहीत उतरवावा, न मिळाला तर ‘मिळाला नाही’ असे लिहून खाली सह्या कराव्या. कामास आरंभ येथून होतो.