हुन्नर : एक ओळ मागे राहिली

मागच्या अंकात ड्रॉइंगमधले लेअर पाहिले. या वेळी अक्षरांकडे वळू. कॅड शिकणारी मुलं-मुली रेषा, वर्तुळं, ट्रिम, ऑफसेट मन लावून शिकतात आणि मजकुराचा धडा अर्ध्या तासात उरकतात. टाइप तर येतंच, त्यात शिकायचं काय, असं वाटतं. मलाही तसंच वाटायचं.

ही गोष्ट माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली. वाळूजच्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी ड्रॉइंग काढायचो. एका पिनचं नवं ड्रॉइंग हवं होतं. तशाच पिनचं जुनं ड्रॉइंग संगणकात होतं, म्हणून त्यावरच्या सूचना उचलून नव्यावर ठेवल्या. सूचना सहा होत्या आणि मी त्या सिंगल लाइन टेक्स्टमध्ये लिहिलेल्या होत्या, म्हणजे सहा सुट्या ओळी. डावीकडून उजवीकडे विंडो ओढून त्या निवडल्या. अशी विंडो जे पूर्ण आत येतं तेवढंच उचलते. चौथी ओळ सर्वांत लांब होती, तिचं टोक विंडोबाहेर राहिलं. ती ओळ आलीच नाही. नव्या ड्रॉइंगवर मधे रिकामी जागा दिसली, तेव्हा वाटलं, अंतर चुकलंय. खालच्या दोन ओळी वर सरकवून मी ते 'नीट' केलं!

ती ओळ हार्डनिंगची होती. चाळीस पिना टर्निंग, ग्राइंडिंग होऊन शेवटच्या मापाला आल्या, पण मऊच राहिल्या. आता हार्डनिंगला पाठवल्या तर वाकतील, माप हलेल. सगळ्या भंगारात गेल्या. मशीनवरच्या चाचांना मी विचारलं, "चाचा, ही पिन हार्ड करतात, तुम्हाला माहीत होतं ना?" ते म्हणाले, "बेटा, मला वाटलं या वेळी नको असेल. कागदावर नव्हतं." त्यांचं काही चुकलं नव्हतं. कारागिराने कागद पाहूनच काम करायचं असतं.

तेव्हापासून माझा नियम साधा आहे. एका नजरेत वाचायचं नाव असेल तर सिंगल लाइन, आणि एकत्र राहायला हवा असा मजकूर असेल तर मल्टिलाइन.

ऑटोकॅडमध्ये 'टेक्स्ट' कमांड सुरुवातीचा बिंदू, उंची आणि कोन विचारते. एंटर दाबलं की पुढची ओळ सुरू होते, पण प्रत्येक ओळ ही वेगळी वस्तू असते. खोलीचं नाव, कॉलमचा नंबर, 'छेद अ-अ' अशा लेबलांना हेच बरं. गोलात नंबर बसवायचा असेल तर जस्टिफायमध्ये 'मिडल सेंटर' घ्या आणि गोलाचा मध्य द्या. नंबर एक अंकी असो की दोन अंकी, मधोमध राहतो.

'एमटेक्स्ट' कमांड दोन कोपरे मागते आणि चौकट उघडते. शब्द चौकटीच्या रुंदीत आपोआप खालच्या ओळीत जातात. क्रमांक देता येतात, टॉलरन्स एकावर एक रचता येतो. आणि मुख्य म्हणजे सगळा मजकूर एकच वस्तू राहतो. उचलला तर सगळा येतो, राहिला तर सगळा राहतो आणि लगेच लक्षात येतं. सूचनांना क्रमांक द्याच. तीननंतर पाच आला तर शाळकरी पोरालाही कळतं. मात्र एमटेक्स्टवर 'एक्सप्लोड' चालवू नका, त्याच्या पुन्हा सुट्या ओळी होतात. जुन्या सुट्या ओळी जोडून एमटेक्स्ट करायची सोयही ऑटोकॅडमध्ये आहे.

दुसरी नेहमीची चूक उंचीची. स्क्रीनवर झूम करून सगळंच मोठं दिसतं, पण मिस्त्रीच्या हातात असते ती झेरॉक्स, तीही उन्हात. घराचा नकाशा मिलिमीटरमध्ये खऱ्या मापाने काढला आणि १:१०० ने छापायचा असेल, तर कागदावर ३ मिमीचं अक्षर येण्यासाठी उंची ३०० द्यावी लागते. १:५० साठी १५०. कमांड उंची विचारतच नसेल, तर त्या टेक्स्ट स्टाइलमध्ये उंची आधीच पक्की केलेली आहे. तिथे शून्य ठेवा.

मराठीत लिहिल्यावर प्रश्नचिन्हं दिसतात, अशी तक्रार बरेच जण करतात. ऑटोकॅडच्या जुन्या एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नसतात. स्टाइलमध्ये मंगल किंवा निर्मला यांसारखा युनिकोड फॉन्ट निवडा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलं, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकुराची खिचडी होते.

शेवटी टायटल ब्लॉक, म्हणजे कोपऱ्यातला नाव, तारीख, स्केल, मंजुरीचा रकाना. तो रिकामा सोडू नका. आपल्या शहरातल्या बीबी का मकबऱ्याच्या मुख्य प्रवेशद्वाराच्या दारावरच्या लेखात अताउल्लाह आणि हंसपत राय, म्हणजे वास्तुकार आणि अभियंता, यांची नावं आहेत. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली, काम कुणाचं हे आजही वाचता येतं. नाव लिहिलं की जबाबदारीही आली. त्या पिनच्या ड्रॉइंगवर माझं नाव होतं, म्हणून मालकासमोर मलाच उभं राहावं लागलं, आणि ते योग्यच होतं.

ज्यांच्या घरी दहावी झालेली मुलं-मुली आहेत त्यांच्यासाठी : आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल आणि ड्राफ्ट्समन मेकॅनिकल असे दोन ट्रेड आहेत, दोन्ही दोन वर्षांचे. सरावासाठी पैसे नसतील तर लिब्रेकॅड हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यातही टेक्स्ट आणि एमटेक्स्ट दोन्ही आहेत.

या महिन्याचा सराव : आपल्या घराचा नकाशा काढा. खोल्यांची नावं सिंगल लाइनमध्ये, पाच सूचना एमटेक्स्टमध्ये. १:१०० ने छापा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला वाचायला द्या. दादीजान चष्मा लावून अडखळल्या, तर उंची वाढवा. पुढच्या अंकात मापं, म्हणजे डायमेन्शन, पाहू, इन्शाअल्लाह.