कोणाची तसबीर लावावी?

'आयकॉन' हा शब्द आता आपल्या घरांत इतका रुळला आहे की त्याचे मूळ कोणी विचारीत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ प्रतिमा. पूर्वेकडील ख्रिस्तसभेत प्रभू येशूची, देवमातेची आणि संतांची लाकडी फळीवर रंगविलेली प्रतिमा म्हणजे आयकॉन. तिच्यापुढे भाविक दिवा लावतो, तिचे चुंबन घेतो. या प्रतिमांपायी आठव्या शतकात मोठा कलह माजला, आणि ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने निर्णय दिला की प्रतिमेला दिलेला मान, ती ज्याची आहे त्याला पोचतो. हा निर्णय आम्ही आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सारे प्रतिपादन त्यावर उभे आहे. छातीवर एखाद्याचे चित्र मिरवले, तर मान त्या कापडाला जात नाही, त्या माणसाला जातो. 'नुसते चित्र तर आहे' ही पळवाट बाराशे वर्षांपूर्वीच बंद झालेली आहे.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर जे टी-शर्ट दिसतात, त्यांत एक चेहरा अधूनमधून भेटतो. उभे काटेरी केस, वाकडा केलेला ओठ, गळ्यात कुलूप घातलेली साखळी. अंगात घालणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना तो कोण हे ठाऊक नसते. बाजारात स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, एवढेच. त्यांच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्या दहाव्याशी, ज्याला नाव ठाऊक आहे. तो महाविद्यालयात शिकतो, चार इंग्रजी मासिके चाळतो आणि ठासून सांगतो की हा सिड व्हिशस बंडखोरीचा आयकॉन आहे.

हा सिड कोण होता? जन्म लंडनमध्ये, १० मे १९५७, खरे नाव जॉन सायमन रिची. १९७७ च्या आरंभी तो 'सेक्स पिस्टल्स' या पंक वाद्यवृंदात बास गिटार वाजविण्यासाठी घेतला गेला. गंमत अशी की त्याला ते वाद्य धड वाजविता येत नव्हते. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या एकमेव मूळ ध्वनिमुद्रिकेत बासचा बहुतेक भाग दुसऱ्याच गिटारवादकाने, स्टीव्ह जोन्सने, वाजविला. जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात हा वृंद मोडला. १२ ऑक्टोबर १९७८ रोजी न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलातील खोलीत त्याची मैत्रीण नॅन्सी स्पंजेन पोटात सुरा खुपसलेल्या अवस्थेत मरून पडलेली सापडली. ती वीस वर्षांची होती. सिडवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. जामिनावर सुटल्यावर त्याने एका नृत्यगृहात दुसऱ्या माणसावर फुटक्या काचेने वार केला, पुन्हा तुरुंगात गेला, पुन्हा सुटला, आणि २ फेब्रुवारी १९७९ रोजी हेरॉइनच्या अतिसेवनाने मेला. वय एकवीस. खटला चाललाच नाही, म्हणून आम्ही त्याला खुनी म्हणत नाही. तो निवाडा मनुष्याच्या न्यायालयात राहून गेला. त्याच्या आईलाही व्यसन होते. अशा पोराची कीव येते, त्याच्या आत्म्यासाठी एक मिस्सा अर्पावी असेही वाटते. परंतु कीव येणे वेगळे आणि तसबीर लावणे वेगळे.

पंक संगीतात काहीच नव्हते, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसणार नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये कामगारांच्या मुलांना काम मिळत नव्हते, आणि त्यांचा संताप त्या कर्कश गाण्यांतून बाहेर पडला. 'सेक्स पिस्टल्स'चा गायक जॉन लायडन हा लंडनमधील आयरिश कॅथोलिक घरातला मुलगा. १९७८ साली बीबीसीला दिलेल्या मुलाखतीत त्याने जिमी सॅव्हिल या लोकप्रिय निवेदकाच्या दुष्कृत्यांविषयी उघड बोट दाखविले होते. तो भाग त्या वेळी ऐकविला गेला नाही. पुढे १९९० साली त्याच सॅव्हिलला आपल्या ख्रिस्तसभेने संत ग्रेगरी यांच्या नावाचा पोपचा किताब दिला, आणि तो २०११ साली मेल्यानंतर शेकडो पीडितांनी तोंड उघडले. म्हणजे किताबवाल्याविषयी खरे कोण बोलला? केस पिंजारलेला एक पंक गायक. ही गोष्ट आपल्या घरांत सांगितली गेली पाहिजे, टोचली तरीही. पण लक्षात घ्या, त्या टी-शर्टवर लायडन नाही. ज्याने शब्द लिहिले, गायले, धोका पत्करून बोलला, तो जिवंत राहिला आणि म्हातारा झाला. बाजाराला त्याचा उपयोग नाही. बाजाराने मेलेला पोर निवडला.

आणि बाजार हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाही. या वृंदाचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरेन याचे लंडनच्या किंग्ज रोडवर कपड्यांचे दुकान होते. नॅन्सी गेली आणि तिच्या मृत्यूवर विनोद करणारा, सिडचे चित्र असलेला टी-शर्ट विक्रीस निघाला. बंडखोरीची ही उत्पत्तिकथा आहे. ज्या तरुणाला वाटते की आपण व्यवस्थेविरुद्ध उभे आहोत, त्याच्या अंगावर एका दुकानदाराची कल्पकता आहे.

या साऱ्यात नॅन्सी कुठे आहे? पुस्तकांत आणि १९८६ साली निघालेल्या चित्रपटात ती आहे, पण त्याची सोबतीण म्हणून. पुष्कळांच्या लेखी तर त्याला बिघडविणारी बाई म्हणून. ती फिलाडेल्फियातील ज्यू घरातील मुलगी होती. सिड नाझींचे चिन्ह छापलेला सदरा घालून पॅरिसच्या रस्त्यांतून हिंडला होता. त्याच्या चाहत्यांना यातला विपर्यास दिसतही नाही. नॅन्सीची आई डेबोरा स्पंजेन यांनी १९८३ साली मुलीवर पुस्तक लिहिले आणि पुढे खून झालेल्यांच्या कुटुंबीयांना आधार देण्याचे काम आपल्या शहरात उभे केले. या बाईंचा टी-शर्ट आम्ही अद्याप कुठे पाहिला नाही.

आता त्या दहाव्या तरुणाचे उत्तर ऐका, कारण ते बिनतोड आहे असे त्याला वाटते, आणि काही अंशी ते खरेच अवघड आहे. परिसरातील एका युवक मंडळाने लोकगीत-स्पर्धेच्या फिरत्या ढालीला पठ्ठे बापूरावांचे नाव द्यावे, अशी सूचना ज्येष्ठांकडून आली आहे. तरुण म्हणतात, "काका, तुमचे बापूराव तरी कोण होते? त्यांनी घर मोडले, समाजाची लाज सोडली, बदनाम झाले. तेव्हाचे पंकच ते! तुमचा बदनाम माणूस लोककवी आणि आमचा मात्र व्यसनी?"

पहिला फरक सांगून टाकू, तो सोपा आहे. बापूरावांना कला येत होती. रेठरे हरणाक्ष या गावी ११ नोव्हेंबर १८६६ रोजी ब्राह्मण कुळात जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशाच्या फडात गेले, जातीने त्यांना टाकले, आणि त्यांनी लावणीला अशी काही भाषा दिली की गावोगावचे फड आजही तिच्यावर जगतात. 'मिठाराणी'चा वग त्यांचाच. सिडच्या नावावर यातले कणभरही नाही. कवी म्हणून बापूरावांचा मान कोणी हिरावून घेऊ नये. आम्ही तर मुळीच घेणार नाही.

परंतु ढालीवर नाव घालणे हा काव्याचा पुरस्कार नव्हे, ती तसबीर आहे. तेथे दुसरा प्रश्न विचारावाच लागतो, जो नॅन्सीविषयी विचारला: त्यांच्या शेजारी कोण होते, आणि त्या व्यक्तीचे काय झाले?

शेजारी होत्या पवळाबाई. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावच्या, महार समाजात जन्मलेल्या. पुस्तके त्यांना नुसते 'पवळा' म्हणतात आणि त्यांना मात्र 'बापूराव'. एवढ्यावरूनच पुष्कळ कळते. नाच्या पोरे लुगडी नेसून नाचत असत त्या काळात तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. मुंबईच्या नाट्यगृहांत लोक लोटत, ते केवळ शब्द ऐकायला लोटत नव्हते. लावणी बापूरावांच्या नावावर, पण गळा आणि पाय पवळाबाईंचे. त्यांची साथ सुटल्यावर बापूरावांच्या फडाचे वैभव टिकले नाही. २२ डिसेंबर १९४५ रोजी बापूराव विपन्नावस्थेत वारले, आणि १९५० साली त्यांच्या नावाचा चित्रपट निघाला. त्यांच्या नावाचा, हे पुन्हा सांगतो.

ब्राह्मणाने जात सोडली, हे बंड म्हणून गौरविले जाते. ठीक आहे; त्याला धैर्य लागते. पण जिला सोडायला जातीचा मानच नव्हता, तिचे धैर्य कोणत्या मापाने मोजायचे? तो फडात गेला तर त्याग, आणि ती फडात गेली तर धंदा! बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेला पैसा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारला, कारण तो आपल्या समाजाच्या स्त्रिया नाचवून मिळविलेला होता, अशी हकीगत दलित चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखविले आहे की तमाशातील दलित स्त्रियांना अश्लील ठरवायचे आणि त्यांच्याच कलेला अस्सल मराठी संस्कृती म्हणून मिरवायचे, या दोन्ही गोष्टी एकाच समाजाने एकाच वेळी केल्या. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा याच जिल्ह्यातल्या, तशाच वस्त्यांतून ख्रिस्तमार्गाकडे आले. आपल्या घरांत तमाशाचे नाव काढायचे नाही, असा दंडक होता. त्या दंडकामागे धर्म किती होता आणि पवळाबाईंशी असलेले नाते विसरण्याची घाई किती होती, हे आपण एकदा मोकळेपणाने बोलावे.

येथे कोणी संत ऑगस्टीन यांचे नाव पुढे करील. तेही पापी होते, तरी वेदीवर आहेत! आहेत, पण पापासाठी नव्हे. ख्रिस्तसभेने १५८७ पासून संतपदाच्या प्रत्येक उमेदवाराविरुद्ध बोलायला एक अधिकारी नेमला होता. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. १९८३ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती पद्धत बदलली. ऑगस्टीन तिच्या कितीतरी आधीचे. पण त्यांच्याविरुद्ध कोणाला बोलावेच लागले नसते, त्यांनी स्वतःच सारे लिहून ठेवले. मुलाच्या आईला आपल्यापासून तोडून आफ्रिकेस परत पाठविले आणि हृदय रक्ताळले, हेही लिहिले. फक्त तिचे नाव लिहिले नाही. सोळाशे वर्षे झाली, ते आपल्याला ठाऊक नाही.

पवळाबाईंचे नाव ठाऊक आहे, गावही ठाऊक आहे. म्हणून ज्येष्ठांची सूचना आम्हांला मान्य नाही आणि तरुणांची तर नाहीच. सिड व्हिशसचे चित्र स्पर्धेच्या फलकावर येऊ नये. बापूरावांच्या लावण्या स्पर्धेत गायल्या जाव्यात, त्यांचे नाव प्रत्येक वेळी घेतले जावे. ढाल मात्र 'पवळाबाई हिवरगावकर फिरती ढाल' व्हावी. मंडळाच्या बैठकीत ही सूचना आम्ही लेखी दिली आहे. 'तमासगिरीण बाईचे नाव धर्मग्रामाच्या कार्यक्रमाला कसे?' अशी कुजबूज सुरू झाल्याचे आमच्या कानावर आले आहे. बापूरावांच्या नावाला हीच कुजबूज झाली नव्हती, हे त्या मंडळींनी आठवून पाहावे. नाशिक-पुणे महामार्गावरून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला हिवरगाव पावसा हे नाव माहीत आहे. टोलनाका म्हणून.