स्टेप्स मोजून झाल्या, माणसं कोण मोजणार?

गेल्या शनिवारी डहाणूजवळच्या कोसबाडला जाऊन आलो. हेतू उदात्त वगैरे काही नव्हता. चिकू खायचे, टेकडीवर जरा बसायचं, एवढाच बेत.

सोबत एक मित्र होता, वय वर्षं ३८. चार महिन्यांपूर्वी त्याला हार्ट अटॅक आला. रात्री दीडला छातीत दुखायला लागलं. पठ्ठ्याने ॲसिडिटीची गोळी घेतली आणि सकाळी आठपर्यंत हिंजवडीतल्या टू बीएचकेमध्ये एकटा छताकडे बघत पडून राहिला. वाचला, नशीब. मी त्याच सोसायटीत, दोन बिल्डिंग पलीकडे राहतो. "अरे, फोन का नाही केलास?" असं विचारलं तर म्हणाला, "तुझं सोमवारी रिलीज होतं ना."

यावर त्याच्या कंपनीने काय करावं? सगळ्यांना मनगटावरचे पट्टे वाटले आणि दहा हजार पावलांची स्पर्धा लावली. च्यायला! हा माणूस रोज सहा किलोमीटर पळायचा हो. त्याला पावलं कमी पडली नव्हती, रात्री दीडला उठवता येईल असं माणूस कमी पडलं होतं.

हे माझं भावनिक बडबडणं नाही. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीत १९६५ पासून नऊ वर्षं जवळजवळ सात हजार लोकांवर लक्ष ठेवलं होतं. बर्कमन आणि साइम यांनी १९७९ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांची नातीगोती, मित्र, मंडळं सगळ्यात कमी, त्यांच्यात मरणाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोतावळा असलेल्यांपेक्षा दुपटीहून अधिक. सिगरेट, दारू, व्यायाम यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरलाच. २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा एकटेपणामुळे हृदयविकाराचा धोका २९ टक्क्यांनी वाढलेला दिसला. कारणंही काही गूढ नाहीत. सतत सावध राहणाऱ्या शरीरात रक्तदाब चढा राहतो, झोप उडते, सूज वाढते. शिवाय "गोळी घेतलीस का?" असं विचारणारं घरात कुणी नसतं.

मग एकट्या माणसाला समुपदेशक द्या की! तेही करून झालंय. अमेरिकेत अटॅक येऊन गेलेल्या २,४८१ उदास किंवा एकट्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २००३ मध्ये आले. उपचारांनी मन थोडं सुधारलं, एकटेपणही थोडं कमी झालं, पण मृत्यू आणि दुसरा अटॅक काही कमी झाले नाहीत. आमचे वेलनेसवाले ही चाचणी कधी सांगत नाहीत. मला विचाराल तर आधार हा कॅप्सूलमध्ये भरून देता येत नाही, तो रोजच्या जगण्यातच असावा लागतो.

आणि इथेच मला कोसबाड आठवतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं १९४५ साली बोर्डीला सुरू झालेलं काम पुढे या टेकडीवर आलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण त्यांना गुरं राखायची असत, धाकटी भावंडं सांभाळायची असत. या बायकांनी मुलांना "मोटिव्हेट" करत बसण्याऐवजी शाळाच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं चरतात त्या कुरणात नेली. अंगणवाडी, कुरणशाळा. किती साधं!

टेकडीवर आमच्यासारखाच एक पर्यटक म्हणाला, "या वारल्यांना बघा, ना टेन्शन, ना हार्ट अटॅक." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. याच डहाणू-तलासरीतून घरंच्या घरं वीटभट्टीवर कामाला जातात, पाडा महिनोन्‌महिने मागे सुटतो. मोठा आजार निघाला तर अनेकांना वापी-सिल्वासाची वाट धरावी लागते. एकमेकांच्या शेतात लावणीला उभं राहणं ही ताकद आहे हे खरंच. पण ती आपल्या वीकेंडच्या कौतुकासाठी नाही, आणि ती हॉस्पिटलची जागाही घेत नाही.

असो. माझं भांडण आपल्याशी आहे. आपल्या सोसायट्यांत जिम आहे, पूल आहे, पण शेजारच्या दाराची बेल विनाकारण वाजवणं असभ्य ठरतं. ऑफिसात रात्री अकराचा कॉल चालतो, आजारी मित्राकडे जायला मात्र अर्धा दिवस रजा टाकावी लागते. हृदयाची काळजी घ्यायची असेल तर एचआरने पट्टे वाटणं थांबवून सहानंतरचे कॉल बंद करावेत. "एवढं सोपं नसतं" म्हणणाऱ्यांनी कमेंटमध्ये भांडायला यावं, मी आहेच :-)

परतीच्या गाडीत मित्राने त्याच्या फ्लॅटची जादा किल्ली माझ्या हातात ठेवली. दर गुरुवारी माझ्याकडे जेवायचं असंही ठरलं. पहिल्या गुरुवारी आला नाही. कॉल लांबला म्हणे. मग मीच डबा घेऊन गेलो आणि तो म्यूटवर असताना आम्ही पिठलं-भात खाल्ला.